नाक्यावरचे दोन प्रश्न

तुम्ही धनोड्याच्या बाजूनं पैनगंगेत पाय घालता तेव्हा पाणी जेमतेम पोटरीला लागतं. आश्विन महिना आणि नदी अशी, हे काही बरं लक्षण नाही. साल १९१८. पावसानं दगा दिलाय, ज्वारी उभ्यानं वाळतेय आणि पलीकडे माहूरच्या डोंगरावर रेणुकेचं नवरात्र बसलंय. पाठीमागे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा कारभार. समोर निजामाचं राज्य. खरं तर कागदावर वऱ्हाडही निजामाचाच. १८५३ साली फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांनी तो ताब्यात घेतला आणि १९०२ साली कर्झनसाहेबानं वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा लिहून घेतला. मालक एक, कारभारी दोन आणि मधोमध ही नदी.

इथून पुढे नदी ओलांडली की साल बदलणार आहे. तुम्ही फक्त एवढंच करायचं. ज्या नाक्यावर थांबाल तिथल्या माणसाला दोन प्रश्न विचारायचे. काय काय बंद आहे? आणि ते बंद असेपर्यंत मला काय मिळणार आहे? कोणत्या देशानं साथ कशी हाताळली याचे आलेख नंतर निघतात, त्यावर परिसंवाद होतात. नाक्यावर अडवलेल्या माणसाजवळ हे दोनच प्रश्न असतात.

काठावर करोडगिरीचा नाका आहे. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. शिपाई तुमचं गाठोडं सोडायला लावतो, कापड बघतो, मीठ बघतो. तुमच्या खिशातले कलदार रुपये इथं सरळ चालत नाहीत. हाली शिक्का घ्यावा लागतो, शंभर कलदारांना सोळा-सतरा रुपये जास्तीचे. तुम्ही ऑक्टोबर म्हणता, शिपाई फसली साल सांगतो, १३२८, नुकतंच लागलेलं. एवढी सगळी तपासणी होते, पण तुमच्या मागून गाडीत घोंगडी पांघरून कुडकुडणारा माणूस सरळ पुढे निघून जातो. तापावर जकात नाही.

हा इन्फ्लुएन्झाचा ताप जूनमध्ये मुंबईच्या बंदरात उतरला. पहिल्या फेरीत तो माणसं निजवून गेला. दुसऱ्या फेरीत, सप्टेंबर-ऑक्टोबरात, मारायलाच आला. मराठी मुलखात त्याचं नाव पडलं मानमोडी. म्हातारी-कोतारी माणसं आणि पोरं कोणत्याही साथीत जातात. या तापानं वीस ते चाळीस वयाची कमावती माणसं उचलली. यवतमाळपर्यंत छोटी रेल्वे आलेली आहे, कापसाच्या गाड्या तिकडे जायच्या-यायच्या दिवसांत ताप शिखरावर आहे. दसरा १५ ऑक्टोबरला; त्याच दिवशी शिर्डीत साईबाबा देह ठेवतील.

विचारा आता. काय बंद आहे?

शिपाई तुमच्याकडे वेड्यासारखा बघतो. "कायचं बंद? फर्मान आलं तर सांगू."

उत्तर काठावर थांबला असतात तर उत्तर जरा लांबलचक मिळालं असतं, एवढाच फरक. इंग्रजी मुलखात पत्रकं निघाली: गर्दीत जाऊ नका, हवेशीर जागी निजा, अंगावर पांघरूण ठेवा. ज्याच्याकडे एकच घोंगडी आणि घरात सहा माणसं, त्याला हे छापील ज्ञान. मिळणार काय? कोयनेलच्या पुड्या, ज्या हिवतापावर चालतात, या तापावर नाही. डॉक्टर बरेचसे महायुद्धावर गेलेले. दक्षिण काठावर तालुक्याच्या गावी असला तर दवाखाना, नाही तर हकीम, वैदू, अंगारा. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा हिंदुस्थानात सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी एक ठरला. दक्षिण काठाचा हिशोब १९२१ च्या खानेसुमारीत दिसतो: हैदराबाद संस्थानची लोकसंख्या दहा वर्षांत १ कोटी ३३ लाख ७४ हजारांवरून १ कोटी २४ लाख ७१ हजारांवर आली. वाढायच्या ऐवजी नऊ लाखांनी उतरली. त्यात प्लेग आहे, दुष्काळ आहे, पण मोठा घास मानमोडीचा. एका काठावर पत्रक होतं, दुसऱ्या काठावर तेही नव्हतं. मसणवाटे दोन्हीकडे भरले.

सरकारं काही करत नसली तरी गावं स्वस्थ बसत नव्हती. पटकी आली की मरीआईचा गाडा निघायचा. देवीला गाड्यात बसवायचं, वाजत-गाजत गावच्या शिवेपर्यंत न्यायचं आणि तिथं सोडून यायचं. पुढच्या गावानं तो आपल्या शिवेवरून उचलायचा आणि आणखी पुढे ढकलायचा. रोग आपल्या हद्दीतून गेला की आपलं काम संपलं. हा गाडा नीट बघून ठेवा. पुढे तो फार मोठमोठी माणसं ओढताना दिसणार आहेत.

उलट फिरा, नदी ओलांडा. साल १८९७.

मुंबईत मांडवीला गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, सापडून चार-पाच महिने झालेत, शहर अर्धं रिकामं झालंय. ४ फेब्रुवारीला सरकार कायदा करतं, साथरोग कायदा. चारच कलमं. सरकारला काय काय करता येईल, न ऐकणाऱ्याला शिक्षा काय आणि हे सगळं करणाऱ्या अंमलदारावर दावा कसा लावता येणार नाही, एवढं त्यात आहे. तुमचा दुसरा प्रश्न घेऊन तो कायदा उलटा-पालटा करून बघा. लोकांना काय द्यायचं यावर त्यात एक ओळ नाही. पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले, माणसं उचलून छावणीत नेली, सामान जाळलं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, हे शाळेत शिकून झालंय. शाळेत सहसा न सांगितलेलं असं की त्याच वर्षी १० जानेवारीला भायखळ्यात हाफकिननं आपण बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि २० ऑगस्टला सिकंदराबादेत, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या इंग्रजी छावणीत, रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. एका वर्षात दोन्ही प्रकारची माणसं कामाला लागली होती. कायदा मात्र सोजिरांच्या बाजूचा झाला.

आणि तो टिकला. स्वातंत्र्य आलं, सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद सामील झालं, घटनेनंतर ते 'भाग ब' राज्य झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला किनवट तालुका आदिलाबादमधून निघून मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आला आणि त्याबरोबर माहूरही. तिकडे राजुराही असाच आदिलाबादेतून इकडे आला. पण साथरोग कायद्याच्या पहिल्या कलमात एक शेपूट राहून गेलं: कायदा भारतभर लागू, पूर्वीच्या भाग ब राज्यांचा मुलूख वगळून. २२ एप्रिल २०२० ला, कोविडच्या साथीत, केंद्रानं वटहुकूम काढला. तो काढला होता डॉक्टर-नर्सांवर हात उगारणाऱ्यांना जरब बसावी म्हणून. त्यातच ते शेपूट कापलं गेलं. निजामाची शीव दिल्लीच्या कागदातून पुसायला एक जागतिक साथ लागली.

नदी ओलांडा. आता पूल आहे आणि पुलाच्या तोंडाशी लोखंडी अडथळे. मार्च २०२०.

तुम्हाला वाटेल, नाका पुन्हा आला कुठून? दोन्ही काठ आता एकाच राज्यात आहेत. पण २३ मार्चला मुख्यमंत्र्यांनी जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या आणि पैनगंगा पुन्हा सरहद्द झाली, इकडे नांदेड, तिकडे यवतमाळ. माहूरच्या माणसाची गोची इथंच आहे. त्याचा कागद नांदेडला जातो, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. त्याचा पेशंट यवतमाळला जातो, कारण ते जवळ. किनवटच्या बाजूचा माणूस आदिलाबाद गाठतो. तीन दिशांना तीन मोठे सरकारी दवाखाने, आणि प्रत्येकाच्या वाटेवर दुसऱ्याच कलेक्टरचा, नाही तर दुसऱ्याच राज्याचा नाका. ज्यानं हे नियम लिहिले त्यानं नकाशा बघितला असेल, माहूर बघितलं नसावं.

गडावर शुकशुकाट. साडेतीन पीठांतलं हे एक पूर्ण पीठ. पौर्णिमेला, नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते. चैत्र आला-गेला, दरवाजा उघडला नाही. देवीच्या तांबुलासाठी पानं कुटणारे खलबत्ते गप्प. ओटीचं सामान विकणारी, फुलवाली, दत्तशिखर-अनसूया करून आणणारे जीपवाले, लॉजवाले, सगळ्यांचं वर्ष भाविकांच्या पायावर चालतं. हे दरवाजे १६ नोव्हेंबरला पाडव्याला उघडले, पुढच्या वर्षी परत लागले, आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला पुन्हा उघडले.

पोलिसाला विचारा, काय बंद? "सगळं."

काय मिळणार? त्याला माहीत नसेल, रेशन दुकानदाराला आहे. माणशी पाच किलो धान्य फुकट, नेहमीच्या स्वस्त धान्यावर जादा, घरटी एक किलो डाळ. बाईचं जनधन खातं असेल तर महिन्याला पाचशे रुपये, तीन महिने. आता किनवटवरून पुढे चला, तेलंगणाच्या हद्दीत. तिथं पांढऱ्या रेशनकार्डावर माणशी बारा किलो तांदूळ फुकट आणि घरटी दीड हजार रुपये. परप्रांतातून आलेल्या मजुरालाही बारा किलो तांदूळ आणि पाचशे रुपये. एकच देश, एकच टाळेबंदी, ती एकाच रात्री लागलेली; १९५६ च्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे ताटात एवढा फरक. राजुऱ्याजवळच्या जिवती तालुक्यातली चौदा गावं अशी आहेत की ती दोन्ही राज्यं आपली म्हणतात आणि तिथल्या लोकांकडे दोन्हीकडची मतदार ओळखपत्रं नि रेशनकार्डं आहेत. एरवी वर्तमानपत्रं त्यांची गंमत म्हणून बातमी छापतात. साथीत मात्र तुलनात्मक आरोग्यनीतीचा अभ्यास त्या चौदा गावांनी पिशव्या घेऊन केला असणार.

आता नदी तुम्हाला जरा लांब सोडते.

सोल, ९ मार्च २०२०. औषधाच्या दुकानासमोर रांग, पण भांडण नाही. मास्क आठवड्याला माणशी दोन, आणि वार ठरलेला: जन्मसालाचा शेवटचा आकडा एक किंवा सहा असेल तर सोमवार, दोन किंवा सात तर मंगळवार. दुकानदार संगणकात बघतो, तुमचा वाटा उचलला गेलाय की नाही. काय बंद, या प्रश्नाला इथं छोटं उत्तर मिळतं. काय मिळणार, याला मोठं. गाडीतून न उतरता तपासणी, बाधिताची सरकारी सोय. त्याची किंमतही आहे: तुम्ही कुठे गेलात, कोणत्या दुकानात किती वाजता होतात, हे मोबाइल आणि कार्डावरून काढून लोकांना कळवलं जातं. नाव नसतं, पण शेजाऱ्याला ओळखायला वेळ लागत नाही. आपल्या गावात हे केलं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

ऑकलंड. २३ मार्चला पंतप्रधान सांगतात, परवा रात्रीपासून सगळं बंद. अठ्ठेचाळीस तास हातात. मालकाला पूर्णवेळ कामगारामागे आठवड्याला ५८५ डॉलरहून जास्त मजुरी-साहाय्य, म्हणजे माणूस कामावरून काढायचा नाही. आपल्याकडे २४ ला रात्री आठला भाषण झालं आणि बाराला देश थांबला. चार तास. न्यूझीलंड पन्नास लाखांचा, समुद्रानं वेढलेला देश. त्याच्याशी आपली बरोबरी नाही, हे कबूल. पण पूर्वसूचनेला समुद्र लागत नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतले मध्य प्रदेशचे मजूर गाडी मिळेल म्हणून रूळ धरून भुसावळच्या दिशेनं चालत निघाले आणि ८ मे च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सोळा जण गेले. हा मराठवाडाच. त्यांनी दुसरा प्रश्न किती नाक्यांवर विचारला असेल?

स्टॉकहोमला थोडं थांबा, कारण त्या वर्षी आपल्या दिवाणखान्यांत जेवढ्या वेळा स्वीडनचं नाव निघालं तेवढं ते आधी पन्नास वर्षांत निघालं नसेल. "बघा, त्यांनी काहीच बंद केलं नाही!" तसं नव्हतं. मार्चअखेर पन्नासांवर माणसं जमायला बंदी होती, मोठ्या मुलांची विद्यालयं घरून चालू होती. लहानांच्या शाळा मात्र उघड्या ठेवल्या. आणि दिवाणखान्यात कुणी न सांगितलेली गोष्ट: आजारपणाच्या पहिल्या दिवसाचा पगार तिथं कापला जातो, ती कपात ११ मार्चपासून थांबवली. शिंक आली तर घरी राहा म्हणताना घरी राहायचे पैसे आधी ठेवले. तरीही वृद्धाश्रमांत माणसं फार गेली आणि पहिल्या वर्षी स्वीडनचा कोविड-मृत्यूदर शेजारच्या नॉर्वेच्या कितीतरी पट होता. पुढे तीन वर्षांच्या जादा मृत्यूंचा हिशोब मांडला तेव्हा तोच देश युरोपात खालच्या रांगेत निघाला. दोन्ही बाजूंच्या भांडखोरांना पुरेल एवढा मसाला. पण जिथं एकट्यानं राहणाऱ्यांची इतकी घरं आहेत तिथलं 'घरी राहा' आणि माहूरच्या तांड्यावर, कोलामपोडात, एका खोलीत आठ माणसं असताना म्हटलेलं 'घरी राहा' हे एकाच वाक्याचे दोन अर्थ आहेत. पुस्तकी तुलना इथं गळपटते.

परत या. एप्रिल २०२०, नांदेड. गोदाकाठी तख्त सचखंड हुजूर साहिबला पंजाबातून आलेले चार हजारांच्या आसपास यात्रेकरू महिनाभर अडकून पडलेत. लंगर चालू आहे, म्हणजे इथं दुसऱ्या प्रश्नाला गुरुद्वाऱ्यानं उत्तर दिलंय, सरकारच्या आधी. महिनाअखेर बसगाड्या येतात, लोक पंजाबला पोचतात आणि तिथल्या तपासणीत त्यातले हजाराहून जास्त बाधित निघतात. मग सुरू होतं. पंजाब म्हणतं, महाराष्ट्रानं न तपासता पाठवले. महाराष्ट्र म्हणतो, वाटेत लागण झाली असेल, गाड्या तुमच्याकडून आल्या होत्या. शिवेवर सोडलेला तो गाडा ओळखलात ना? आता त्याला वातानुकूलित बस जोडली आहे. महिन्याभरात नांदेडचे पालकमंत्री अशोक चव्हाण स्वतः बाधित झाले आणि रुग्णवाहिकेनं उपचारासाठी मुंबईला गेले. विष्णुपुरीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्याच वडिलांच्या नावाचं आहे. यावर वेगळं भाष्य नको.

पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, तेलंगणानं आंध्रातून हैदराबादला निघालेल्या रुग्णवाहिका सीमेवर अडवल्या. इस्पितळात खाट पक्की असल्याचा कागद दाखवा, म्हणे. उच्च न्यायालयानं ते थांबवलं. त्याच्या सात वर्षं आधीपर्यंत ते एकच राज्य होतं.

एकदा भूतानला डोकावून घ्या, फार वेळ नाही. तिथं लसीकरणाचा मुहूर्त काढला गेला. २७ मार्च २०२१, सकाळची ठरलेली वेळ, पहिली सुई माकडवर्षात जन्मलेल्या बाईला. आपल्याकडचे विज्ञाननिष्ठ लोक हसले असते. मग त्यांनी सोळा-सतरा दिवसांत नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांना पहिली मात्रा दिली. लस भारतानं भेट दिलेली, पुण्यात बनलेली. पुण्यापासून माहूरला ती रस्त्यानं येते. पण १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला मोबाइलवर वेळ राखून ठेवायची होती, आणि राज्यात अनेक ठिकाणी असं झालं की शहरातली जलद बोटांची मंडळी खेड्यातल्या केंद्रावरच्या वेळा पकडून मोटारीनं तिथं पोचली. गावातली माणसं दारात उभी राहून बघत होती.

शेवटचा नाका गावातच आहे, तुमच्या दाराशी. आशाताई आलीय. सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत ती घरोघर ताप मोजतेय, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावतेय. वाडीला रस्ता नाही तिथं चालत. साऱ्या देशांच्या साऱ्या नियमांचं शेवटचं टोक हे असतं: एक बाई आणि एक वही. आज तिलाच विचारा तुमचा दुसरा प्रश्न, पण उलटा करून. ताई, तुला काय मिळतं?

२२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या होत्या. लंडनमध्येही गुरुवारी रात्री आठला लोक दारात येऊन आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत, दहा आठवडे. वर्षभरानं, मार्च २०२१ मध्ये, त्यांच्या सरकारनं परिचारिकांना एक टक्का पगारवाढ सुचवली. ओरडा झाला, जुलैत तीन टक्के दिली. आणि १५ जून २०२१ ला महाराष्ट्रातल्या सत्तर हजारांच्या आसपास आशा संपावर गेल्या. आठवडाभरानं तोडगा निघाला: एक हजार रुपये मानधनवाढ, पाचशे रुपये कोविड भत्ता, १ जुलैपासून. संप मिटल्याच्या दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन पुन्हा दारात आहे, आणि विचारायची पाळी तिची: "घरात किती माणसं? कुणाला ताप? आणि तुमची दुसरी सुई कवा झाली?"